पाय न टेकता

मावशीच्या खोलीतल्या ठेंगण्या मेजावर मी जपानच्या दक्षिणेकडच्या मियाको बेटाचा नकाशा पसरला, तेव्हा तिने आधी भिंग मागितलं, मग चहा लांब सरकवायला लावला आणि म्हणाली, "एवढुसं बेट आणि एवढा मोठा कागद! हरवणार कुठे आहोत आपण?"

"तीन दिवसांचा बेत आहे, मावशी. विमानतळाजवळ भाड्याची गाडी घ्यायची. छोटी, पांढरी. मीच चालवणार."

"तू? ओसाकात तर तू आगगाडीनेच फिरतेस ना?"

"लायसन्स आहे माझ्याकडे."

"लायसन्स काय, शिगेकडेसुद्धा आहे. कपाटात."

"माझं नाव घेतलं का कुणी?" शेजारच्या खोलीतून शिगे आजीने आवाज दिला. दोघींची दारं दिवसभर उघडीच असत. या वसाहतीत आता मोजकीच म्हातारी माणसं उरली होती आणि सगळी एकमेकांचं सगळं ऐकत होती.

मला ही मावशी आहे, हे मला आईच्या शेवटच्या आजारपणात कळलं. मी तिला संत्रं सोलून देत होते. ती एकदम म्हणाली, "मिहोको, तुला एक मावशी आहे. माझ्याहून मोठी. मियाकोला असते."

"असते म्हणजे? जिवंत आहे?"

"तिला लहानपणी तो रोग झाला. सरकारी माणसं घेऊन गेली. तोयो नाव तिचं, पण तिथे नात्सुको यामाशिरो म्हणतात. तिथे गेलं की नाव बदलायचं, घरच्यांना त्रास नको म्हणून."

एवढं बोलून तिने संत्र्याची फोड तशीच बशीत ठेवली. माझी आई, तोयो मावशी आणि धाकटा सेइतोकु मामा ही इराबूची भावंडं. इराबू म्हणजे मियाकोच्या शेजारचं धाकटं बेट. मामाला मी ओळखत होते, दर नवीन वर्षाला फोन व्हायचा. मावशीचं नाव मात्र आमच्या घरात कधी निघालंच नव्हतं.

आई गेल्यावर मी मियाकोच्या उत्तर किनाऱ्यावरची ती कुष्ठरोग्यांची वसाहत शोधत आले. मावशीचा रोग कधीच बरा झाला होता. माणसांना कोंडून ठेवणारा कायदाही गेला होता, फाटक सताड उघडं होतं. पण बाहेर न्यायला कुणी आलंच नाही, म्हणून ती तिथेच राहिली. बोटं आत वळलेली, भुवया नाहीत, पाय बधिर. जीभ तेवढी धारदार. पहिल्याच भेटीत म्हणाली, "तुम्ही-बिम्ही करू नकोस. मावशीला कुणी अहो म्हणतं का?"

तेव्हापासून मी वर्षातून एकदा येत होते. यंदा येत्या मार्चमधल्या सहलीचा बेत मीच काढला. पूर्वेच्या टोकाचा दीपस्तंभ, पांढऱ्या वाळूचा किनारा, गरम सोबा शेवयांचं दुकान, कमी उंचीचा पलंग असलेलं लॉज. ती प्रत्येकाला मान डोलवत होती.

"दुकानात बसून खायचं?" तिने विचारलं. "लोक बघतील."

"बघू देत."

"मग मीही त्यांना बघीन." ती खुशीत आली. मग तिचं वळलेलं बोट नकाशावरून सरकत पश्चिमेला गेलं आणि थांबलं. "हा तो नवा पूल? खरंच इतका लांब?"

"आणखी लांब वाटतो. इराबूला जायचं?"

तिने भिंग पुलाच्या टोकावर ठेवलं. मग म्हणाली, "गाडीतून उतरायचं नाही. चालेल?"

"का गं?"

"आईला शब्द दिलाय. ती दर शरदात बोटीने यायची, रताळी घेऊन. मधे बुटकी भिंत. ती पलीकडे, मी अलीकडे. तुझ्या आईचं लग्न ठरत होतं त्या वर्षी म्हणाली, तोयो, गावात सांगितलंय की तू याएयामाच्या बेटांवर पाहुण्यांकडे गेलीस आणि हिवतापाने मेलीस. आता गावात पाय टेकू नकोस. मी असताना नाही, मी गेल्यावरही नाही."

"आणि तू हो म्हणालीस?"

"रडत होती गं. रडणाऱ्या आईला काय म्हणायचं असतं?"

"मावशी, आजी जाऊन किती वर्षं झाली! आता कोण अडवणार तुला?"

"अडवणारं कुणी नाही," ती म्हणाली, "पण सोडवणारंही कुणी नाही. ती असती तर विचारलं असतं, आई, आता पुरे का?"

 मावशीने नकाशावरचं भिंग उचललं. "भाड्याच्या गाडीच्या पाटीवर 'वा' अक्षर असतं ना? मग बरंय. लांबूनच कळेल की पर्यटक आहेत. कुणी निरखून बघणार नाही."

त्या संध्याकाळी लॉजमधून मी मामाला फोन केला. सरळच सांगितलं, "मामा, तोयो मावशी जिवंत आहे. इथेच, मियाकोच्या वसाहतीत."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाल्याचं ऐकू आलं.

"मी गेलो होतो," मामा म्हणाला. "शाळेत होतो तेव्हा. आई तापात काहीबाही बोलली, त्यावरून मला वाटलं ताई तिथे असेल. बोटीने गेलो, मग सायकलने. फाटकावर सांगितलं, तोयो कावामित्सुला भेटायचंय. माणूस आत जाऊन आला. म्हणाला, या नावाचं कुणी नाही. गुळाची ढेप नेली होती, ती भिंतीवर ठेवून परत आलो." मग थोड्या वेळाने, "म्हणजे आई बरळत नव्हती."

दुसऱ्या दिवशी विमानाला जाण्याआधी मी मावशीला हे सांगायला गेले. मला वाटलं होतं, ती चकित होईल.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी धोबीखान्यात चादरी पिळत होते. तिथून फाटक दिसायचं. टोपी घातलेला पोरगा, कान बाबांसारखे बाहेर आलेले. तो माणूस आत येऊन विचारत फिरत होता, तोयो कावामित्सु कोण? मीच म्हटलं, अशी कुणी नाही इथे."

"मावशी!"

"तो घरी जाऊन बोलला असता. मग त्याला मुलगी कुणी दिली असती?" तिने तोंड फिरवलं. "आणि तू कुणाला विचारून फोन केलास गं?"

मी पिशवी उचलली. निघताना ती दारापर्यंत आली नाही. मी बूट घालत होते तेव्हा आतून म्हणाली, "काय म्हणाला तो?"

"आपण ज्या दिवशी येऊ, त्या दिवशी गावाच्या वळणावर उभा राहतो म्हणाला. थांबलात तर थांबलात, नाही तर गाडी तरी बघेन."

आतून नकाशाची घडी घातल्याचा आवाज आला.

हिवाळाभर तिचे फोन येत राहिले आणि दर फोनला बेत बदलत राहिला. दीपस्तंभ काढ, पायऱ्या चढवणार नाहीत. किनारा लांबूनच बघू, वाळू पायाला कळत नाही, पडायला होतं. गाडीत उशी ठेव. मी डावीकडे बसणार. एकदा मी वैतागून म्हटलं, "सगळंच काढलंस. राहिलं काय?"

"शेवया राहिल्यात," ती म्हणाली. "आणि पूल." मामाचं नाव तिने एकदाही काढलं नाही.

मार्चमध्ये आम्ही निघालो. ऊसतोडणी संपत आली होती, पांगारे फुलले होते. शिगे आजीने मावशीला आपली चांगली टोपी दिली आणि मला बजावलं, "जोरात हाकू नकोस, हिचं पोट ढवळतं." सोब्याच्या दुकानात बाईने न मागता काटा आणून ठेवला. समोरच्या बाकावरचे दोघे बघत होते. मावशीनेही त्यांना नीट बघितलं, वाकून नमस्कार केला आणि ते बिचारे लाजून शेवयांत तोंड घालून बसले. लॉजच्या पलंगावर ती दोनदा बसून उठली. "मऊ आहे गं," म्हणाली. मला वाटतं ते दोन दिवस ती सुखात होती.

तिसऱ्या दिवशी पूल. चढ सुरू झाल्यावर तिने डोळे मिटले. अगदी उंचावर पोचलो तेव्हा उघडले. दोन्हीकडे निळंशार पाणी आणि समोर इराबू, आडवं, चपटं. "बोटीतून एवढं जवळ कधी वाटलं नाही," एवढंच बोलली.

उसाच्या शेतांमधून गावाच्या वळणावर आलो. एक म्हातारा उभा होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्याला टॉवेल. आमच्या पुढे दोन पांढऱ्या गाड्या होत्या, भाड्याच्याच. त्याने पहिलीला वाकून नमस्कार केला. दुसरीलाही केला. त्यातली मुलं हसली आणि हात हलवून गेली.

"हळू घे," मावशी म्हणाली.

"थांबू?"

"हळू म्हटलं."

मामाने आम्हालाही नमस्कार केला. मी त्याच्या अगदी जवळून गेले. आरशात बघितलं तर तो अजून वाकलेलाच होता. मावशीने टोपी डोळ्यांवर ओढली होती. पुढचं शेत ओलांडलं आणि ती म्हणाली, "मागे घे. मागे घे गं, निघून जाईल तो."

मी गाडी मागे घेतली. मावशीच्या बाजूची काच खाली केली. मामा आला, दोन्ही हात खिडकीच्या कडेवर ठेवून आत बघत राहिला. 

शेवटी मावशी म्हणाली, "केस कुठे गेले तुझे?"

"विचारायला उशीर केलास, ताई," मामा म्हणाला आणि रडायला लागला.

त्याने टॉवेलने तोंड पुसलं. "चल, उतर. बायकोने सकाळपासून स्वयंपाक मांडलाय."

"मला इथे पाय टेकायचा नाहीये."

मामाने माझ्याकडे बघितलं. मावशीने आजीला दिलेल्या शब्दाबद्दल मी सांगितलं.  मला वाटलं रागावेल. पण त्याने मागचं दार उघडलं आणि आत बसला. "मग मीच येतो. चल मिहोको, सरळ."

आणि मग आम्ही तिघं पर्यटकांसारखे इराबूभर फिरलो. मामा मागून बोट दाखवत होता. "इथे आपलं रताळ्याचं शेत होतं."

"मला सांगतोस? तू इथेच विंचू चावून बोंबलला होतास."

"ते मला आठवत नाही."

"मी पाठीवर घेऊन गेले तुला. तू कुठलं आठवणार?"

घरापुढे गाडी थांबवली. मामी डबा घेऊन बाहेर आली. मावशीने हात चटकन बाहीत लपवले. मामीने खिडकीतून डबा तिच्या मांडीवर ठेवला, बाहीत हात घालून ते हात बाहेर काढले आणि डब्यावर ठेवले. "गरम आहे, सांभाळून," म्हणाली. बाकी काही नाही.

आम्ही गाडीतच जेवलो, किनाऱ्यावरच्या केवड्याच्या सावलीत. तेव्हा मावशी पुढे बघत म्हणाली, "त्या दिवशी मीच नाही म्हणून सांगितलं होतं."

मामा चावायचा थांबला.  मग त्याने विचारलं, "गूळ मिळाला होता?"

"मिळाला. सगळ्यांनी वाटून खाल्ला."

"तू?"

"मीही खाल्ला. गूळ कुणी टाकतं का?"

शेवटी मामाने आजी-आजोबांच्या अस्थी असलेल्या घराण्याच्या थडग्याकडे गाडी न्यायला सांगितली. मी होता होईल तेवढी जवळ लावली. दार उघडलं. मावशीने बधिर पाय हातांनी उचलून सीटवर घेतले, मांडी घातली आणि हात जोडले. तिच्या आणि थडग्याच्या दगडी दाराच्या मधे चार पावलांचं गवत होतं. आपल्या जुन्या बोलीत ती म्हणाली, "आई, मी उतरले नाही हं."

मामा गाडीच्या पलीकडे जाऊन पाठ करून उभा राहिला. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं.

परत जाताना वळणावर मामा उतरला. "पुढच्या वर्षी परत," तो म्हणाला. मावशीने मान हलवली. पुलावर तिने डोळे मिटले नाहीत. मान वळवून मागे बघत राहिली, मान दुखेल म्हटलं तरी.

पुढच्या जानेवारीत तिला न्यूमोनिया झाला आणि ती गेली. मी पोचले तेव्हा मामा-मामी आधीच आले होते. मामाला अस्थी इराबूला न्यायच्या होत्या, आईबाबांच्या शेजारी ठेवायच्या होत्या. शिगे आजी काठी टेकत त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"ती सांगून गेलीय," ती म्हणाली. "इथल्या अस्थिघरात ठेवा, आमच्यात. तुमच्याकडे यायचं असतं तर त्या दिवशी उतरली असती."

"आता कुणाची भीती आहे?" मामाने विचारलं.

"भीती कसली? सगळा जन्म तिने एक शब्द पाळला. मेल्यावर तुम्ही मोडायला लावता?"

मामाने वाद घातला नाही. कोपऱ्यात बसला आणि लहान मुलासारखा हमसून रडला. मावशीला आम्ही तिथेच ठेवलं.

मामाने गावाबाहेर गाडी चालवणं कधीच सोडलं होतं. आता महिन्यातून एकदा तो एकटाच गाडी चालवत पूल ओलांडून वसाहतीत जातो. अस्थिघरापुढे बसतो, मग शिगे आजीच्या खोलीत येतो. ती त्याला रागावते, उशिरा आलास म्हणते, या महिन्याचंही आणि त्या सगळ्या वर्षांचंही. मग चहा ओतते. तो दोन्ही हातांत पेला धरून सगळा चहा पितो आणि संध्याकाळच्या आत इराबूला परत जातो.