पन्नास बारच्या खाली

मी डायव्हिंग शिकवतो आणि सकाळपासून ओरडून माझा घसा बसला होता. त्यात हा नवा शिकाऊ. चार मीटर खाली गेला नाही, तोच हवा संपत आल्याची खूण करून मोकळा! माझा जीव टांगणीला. सगळ्यांना वर आणलं, त्याच्या टाकीचं मीटर पाहिलं, तर एकशे नव्वद.

"अहो, भरलेली टाकी आहे ही!"

"पण सर, आधी शिकलो तिथे तीन हजार असायचे. पाचशेच्या खाली गेलं की वर यायचं."

"ते पीएसआय, हवेचा दाब मोजायचं वेगळं माप. हे बार आहेत. एक बार म्हणजे जवळजवळ साडेचौदा पीएसआय. इथे दोनशेला टाकी भरते आणि पन्नासला वर यायचं. आणि नुसतं स्वतःचं मीटर बघू नका, जोडीदारालाही विचारत जा. किती वेळा सांगू?"

घरी येऊन सोफ्यावर अंग टाकलं. आमच्याकडे दमणंसुद्धा बारमध्येच मोजतात.

"आज किती?" बायकोनं विचारलं.

"पन्नास."

पन्नास म्हटलं की त्या माणसाला कुणी काम सांगायचं नाही, असा घरचा नियम. तिनं मला पाणी दिलं, माझे ओले कपडे वाळत घातले, आईला गोळ्या दिल्या आणि धाकटीचा अभ्यास घ्यायला बसली. दुपारचं माझंच बोलणं अजून डोक्यात होतं, म्हणून सहज विचारलं, "तुझे किती?"

इतक्या वर्षांत हे मी कधी विचारलं नव्हतं.

वहीतून वर न बघता ती म्हणाली, "तीस. कधीपासूनच."