शेवटची खुर्ची

चर्चच्या पॅरिश कौन्सिलचं उपाध्यक्षपद मिळून बेनेडिक्ट तुस्कानोला काय लाभणार होतं? मिस्सेला पुढचा बाक, फादरांशेजारची खुर्ची, आणि वसईला धाकट्या भावाशी फोनवर बोलताना सहज टाकायला एक वाक्य. फार नव्हे. पण दक्षिणेतल्या आवडी गावच्या संरक्षण कारखान्यात युनियनची भाषणं करत निवृत्त झालेल्या माणसाला खुर्चीवाचून दिवस खायला उठतो. समतेवर बोलायला त्याला माइक हवा होता, आणि तो राहायचा त्या अण्णा नगरात माइक चर्चकडे होता.

संधी पवित्र गुरुवारने आणून दिली. त्या संध्याकाळी, येशूने शिष्यांचे धुतले तसे, फादर बारा जणांचे पाय धुतात आणि त्यांना ओठ लावतात. आजवर बाराही जण वजनदार पुरुष असत. नवे फादर म्हणाले, यंदा गरिबाघरचं कुणी हवं. बेनेडिक्ट उठलाच. "आमची आरोक्यमेरी!"

आरोक्यमेरी त्याच पॅरिशची, दलित. चर्चमागच्या चार घरांचे संडास ती धुवायची, त्यातलं एक घर बेनेडिक्टचंच. बेनेडिक्टने घरी येऊन सांगितलं तशी ती त्याच्या संडासातून ब्रश हातात घेऊनच बाहेर आली.

"वेंडाम सार, नको. ज्यांचे संडास धुते त्यांच्यासमोर पाय पुढे करू? माझी कामं जातील."

"जातील कशी? मी बसलोय ना!"

"तुम्ही बसलेलेच असता सार. उठाल का ते विचारते."

आतून बेनेडिक्टची बायको रेजिना खुदकन हसली. त्यामुळे त्याला शब्द द्यावाच लागला. कुणी काम काढलं तर मी स्वतः त्यांच्या दारात जाईन, म्हणाला.

कौन्सिलच्या निवडणुकीतली निम्मी मतं ज्यांच्या खिशात, त्या सवरिमुत्तूंनी त्याला बाजूला घेतलं. "तंबी, येऊ दे तिला. आपण काय जुन्या काळातले आहोत? फक्त शेवटच्या खुर्चीवर बसव. पाय धुवायची परात सगळ्यांना एकच असते, नाही का?"

बेनेडिक्टने मान डोलावली. शेवटच्या खुर्चीला बायबलात आधार सापडायला त्याला वेळ लागला नाही: शेवटचे ते पहिले होतील.

गुरुवारी अकरा जण घरून पाय घासूनपुसून आले होते. दोघे तर पार्लरमध्ये जाऊन. धुतलेले पाय पुन्हा धुण्याचं काम फादरांनी भक्तिभावाने केलं. मग शेवटचा पाय आला. ॲसिडने सोललेली बोटं, टाचेला भेगा. फादर वाकले, ओठ टेकले. बेनेडिक्टचे डोळे भरून आले, आणि त्यात खोट नव्हती. फोटोही झकास आला.

ईस्टर झाल्यावर सवरिमुत्तूंच्या सुनेने आरोक्यमेरीला दारातच हात जोडले. "अक्का, तुमच्या पायाला फादरांनी ओठ लावले. आता तुम्हाला संडास धुवायला कसं सांगू? पाप लागेल आम्हाला." इतकं गोड, की भांडायलाही जागा नाही. युक्ती नामी निघाली. बाकीच्या दोन घरांनीही तेच हात जोडले, तेच पाप पुढे केलं.

ती बेनेडिक्टकडे आली. "सार, दारात जाणार होता."

"रविवारी निवडणूक आहे. तेवढी होऊ दे, मग बघ."

रविवारी तो निवडून आला. आभाराच्या भाषणात श्रमप्रतिष्ठा पुन्हापुन्हा आली, आरोक्यमेरी एकदाही नाही.

"कालच तर मतं दिली त्यांनी," तो रेजिनाला म्हणाला. "लगेच जाऊन भांडू?"

"नको. मतं परत मागतील," रेजिना कोळंबी सोलता सोलता म्हणाली.

एका घरावर आरोक्यमेरीचं भागेना. तिने तेही सोडलं आणि आवडी गावातल्या एका हॉस्टेलात काम धरलं.

एक मे म्हणजे कामगार संत योसेफचा सण. नव्या उपाध्यक्षाने कष्टकऱ्यांचा सत्कार ठरवला आणि मोठ्या उमेदीने तिला फोन लावला. "ये गं, दिवा तुझ्याच हातून लावायचाय. या वेळी पहिली खुर्ची ठेवलीय तुला."

पलीकडे बादली आपटल्याचा आवाज आला. "सार, इथे मे डेची सुट्टी नसते. ठेवू?"

तर उतरला तो हिशेब असा. फादरांना फोटो मिळाला, बेनेडिक्टला खुर्ची, आणि सवरिमुत्तूंना पापाविना नवी बाई. वसईपर्यंत वाक्यही पोचलं. आपल्या घरचा संडास हल्ली रेजिना धुते, हे उपाध्यक्षांच्या अजून ध्यानात आलेलं नाही. बाकीची सगळी किंमत आरोक्यमेरीने भरली. सगळ्यांत नको म्हणाली होती तीही ती एकटीच.