तेलाची तार

श्रावणातल्या पिवळ्या उन्हात हे ओसरीच्या पायरीवर बसत, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये तेलाचा एक थेंब धरीत आणि बोटं हळूहळू दूर नेत. मध्ये उजेडाची एक बारीक तार ताणली जाई, आणि ती तुटेपर्यंत ह्यांचा श्वास थांबलेला असे. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत राही. पाकाची तार पाहताना माझंही असंच होतं. पण माझे लाडू बिघडले तर चार माणसं नाक मुरडतात, ह्यांचं तेल बिघडलं तर पंधरा माणसं आंबा घाटात अडकतात. म्हणून त्या वेळी मी ह्यांना हाक मारीत नसे.

हे रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावर सर्व्हिस मोटार चालवीत. रस्ता कसला, उन्हाळ्यात तांबडी धूळ नि पावसाळ्यात तांबडा चिखल. गिअरबॉक्समध्ये तेल कोणतं घालावं, हा ह्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. वैशाखात ते दाट हवं, कारण तापलं की पातळ होतं. पौषातल्या पहाटे तेच दाट तेल थिजून गिअर हलू देत नाही, तेव्हा जरा सैल हवं. इंजिनाचं तेल गिअरबॉक्समध्ये ओतणाऱ्यांविषयी हे जे बोलत, ते मी इथे लिहीत नाही. बोटांनी निवडायचं आणि कानांनी पारखायचं, ही ह्यांची रीत. योग्य तेलात गिअरचे दाते नुसते गुणगुणतात, पातळ तेलात चढणीवर रडतात, असं हे सांगत. रुसलेल्या बायकोपेक्षा गिअर लवकर कळतो, असंही म्हणत. मी रागावल्याचं सोंग करी, पण मनातून मला ते आवडे.

पावसाळ्यात मुंबईची बोट बंद असे, त्यामुळे तेलाचे डबे नारळी पौर्णिमेपर्यंत पुरवावे लागत. एका वर्षी गिअरचं तेल आधीच संपलं. मालकाकडे उरलं होतं ते फक्त इंजिनाचं पातळ तेल. हे दोन दिवस धड जेवले नाहीत. शेवटी मीच फडताळातली एरंडेलाची बाटली पुढे केली. लेकरांच्या पोटासाठी ती घरात कायम असायची, आणि एरंडेलाची तार किती लांब येते हे मला ठाऊक होतं. ह्यांनी दोन्ही तेलं एकत्र घोटली, थेंब घेऊन बोटं ताणली, आणि तार लांबच लांब आली. हे इतके खूश झाले की मलाच लाजल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मला माहेरी, पालीला जायचं होतं. ह्यांच्याच मोटारीत मागच्या बाकावर बसले. हातखंब्याच्या अलीकडे चढण लागली आणि पायाखालून आवाज उठला, बारीक, लांबलेला, थांबता न थांबणारा. गिअर रडत होता. मी ह्यांच्या मानेकडे पाहिलं. काही खुपलं की ती डावीकडे कलते, इतकं मला संसारात कळलं होतं. मान हलली नाही. हे मजेत चालवीत होते. मग मला एकेक आठवू लागलं: हाक मारूनही न वळणं, कढी उतू जाताना शेजारी स्वस्थ बसून राहणं, माझ्या प्रत्येक बोलण्यावर नुसती हसून मान डोलावणं. त्यासाठी मी ह्यांना मनातल्या मनात किती बोल लावले होते!

पाली आली. पुढे घाट होता. बोलले तर ह्यांच्या हातचं चाक जाणार, आणि चाकाशिवाय हे कसे राहतील ते मला सुचत नव्हतं. न बोलले आणि चढणीवर दाते तुटून मोटार मागे घसरली तर? पुढच्या बाकावर एक बाई तान्हं मूल घेऊन बसली होती. मी उतरले, ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि ओठ नीट दिसतील असं म्हणाले, "अहो, गिअर रडतोय. हातखंब्यापासनं रडतोय."

ह्यांनी इंजिन बंद केलं. मग हलकेच म्हणाले, "मला वाटलं गो, ह्या खेपेस तेल असं साधलंय की तो बोलतच नाही."

मोटार तिथेच थांबली. उतारूंना मागून येणाऱ्या मोटारीत बसवलं. ह्यांनी गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू काढून थोडं तेल बाटलीत धरलं. ते निवलं तसं एरंडेल खाली बसलं आणि पातळ तेल वर आलं. दोन्ही एकमेकांत मिसळलीच नव्हती. मला रडू फुटलं. "रडू नको गो," हे म्हणाले, "तेल बदलता येतं." रत्नागिरीला परतल्यावर मालकाला कानांचं ह्यांनी स्वतःच सांगितलं. मालक भला माणूस. ह्यांना मोटारी दुरुस्त करण्याचं काम दिलं, पण चाक दुसऱ्याच्या हाती गेलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी हे विचारीत, "आता काय ऐकू येतंय?" मी ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगे. मिरकरवाड्यात होडी ओढणाऱ्यांची आरोळी, माडांच्या झावळ्यांची सळसळ, शेजारणीचा सुनेवरचा राग, लांबवर समुद्राची गाज. सांगायचं म्हणून मी ऐकू लागले, आणि माझंच गाव मला नव्यानं कळलं. हे ऐकत, आणि चेहरा असा उजळत जाई की मला आणखी एखादा आवाज शोधावासा वाटे.

हे जाऊन आता कितीतरी पावसाळे झाले. काळानं माणूस नेला, आवाज मात्र सगळे इथेच ठेवले. ते मला अजून स्पष्ट ऐकू येतात, आणि ज्यांना सांगायचे, ते नाहीत.