दोघांपुरती चूल

हौशीरामच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. एवढ्या काळात तो बायकोशी सलग चार वाक्यं बोलला असेल, तर त्यातली दोन म्हशीबद्दल होती. दोष त्याचा नव्हता. पिंपरी पेंढारच्या घरात माणसं चौदा. तो स्वतः जुन्नरच्या कचेरीत नकला उतरवणारा कारकून. आठवडाभर खानावळीमागं पाच जणांत झोपायचा आणि रविवारी गावी जाऊन चौदा जणांत बसायचा.

साळुबाईला जुन्नरला आणावं, एक खोली असावी, तिला आतून कडी असावी, एवढंच त्याचं मागणं. वर्षभर तो पेठा धुंडाळत होता. परवडणारी खोली निघे तिच्यात आधीच शेळ्या राहत असत, आणि राहण्याजोगी निघे तिचं भाडं ऐकून मामलेदारानंही गावचा रस्ता धरला असता. शेवटी कमरुद्दीन कागदीच्या घरामागं एक खोली आणि पुढं स्वयंपाकाची पडवी सापडली. भाडं आठ रुपये. कडी पितळी होती. हौशीरामनं ती तीनदा लावून पाहिली.

"कडी चांगली हाय भाऊ," कमरुद्दीन म्हणाला, "पण एकट्या बाप्याला खोली न्हाई. मागं एकजण 'बायको येतीय, बायको येतीय' म्हणत दीड वर्ष राह्यला. बायको न्हाई आली, तबलेवाला आला. तुमी आधी बायको आणा."

रविवारी त्यानं आईपुढं विषय काढला. सारजाबाईनं सुपातली नजर वर केली नाही. "चूल न्हाई तिथं सून धाडू व्हय रं? आधी खोली घे, चूल मांड, मग न्हे."

कचेरीत असला कागद दोन टेबलांमध्ये वर्षानुवर्षं फिरतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. हौशीरामचं बिघडत होतं.

अंगणात साळुबाई भांडी घासत होती. तो आवाज थांबला. मग पाणी द्यायच्या निमित्तानं ती आली आणि तांब्याकडं बघत म्हणाली, "पुढल्या ऐतवारी रिकाम्या हातानं जाऊ नगा."

पुढल्या रविवारी जुन्या लुगड्यात बांधलेली मातीची चूल तिनं त्याच्यापुढं ठेवली. "घरवाल्याला दावा." हौशीरामला चूल फारच बुटकी वाटली. माती कमी पडली असेल, असं त्यानं धरलं.

एस.टी.त कंडक्टरनं बोचकं चाचपलं. "ह्ये काय?"

"चूल."

"आन् बायको?"

"मागनं येतीय."

"लोक आधी बायको न्हेत्यात, राव!"

सगळी गाडी हसली. हौशीरामही हसला, पण जुन्नर येईपर्यंत त्यानं चूल मांडीवरून खाली ठेवली नाही.

कमरुद्दीननं ती उलटीपालटी करून पाहिली. "असल्या बाजारात मिळत्यात."

"आत द्या बघू," पडद्याआडून त्याची बायको आमिना म्हणाली. चूल आत गेली.

"बाजारची न्हाई ही. बाईची बोटं उठल्यात आतनं," आमिना म्हणाली. "भाऊ, घरी मानसं किती?"

"चौदा."

"चौदांच्या घरात राहून बाईनं एवढीशी चूल केली! हिच्यावर दोघांच्या वर तिसऱ्याचं शिजायचं न्हाई. कवाधरनं मनात मांडून बसली आसंल बिचारी." मग आवाज नवऱ्याकडं वळला. "किल्ली द्या त्यास्नी."

माती कमी पडली नव्हती, हे हौशीरामला तेव्हा कळलं. किल्ली घ्यायला हात पुढं करायचं त्याला सुचेना.

पण गावी गेला तर सारजाबाईनं दिवस मोजले. "उद्यापास्नं पितरपाट लागतोय. पंधरा दिस बिऱ्हाड हलवायचं न्हाई. सर्वपित्री झाली की न्हे."

निघताना साळुबाई दाराआड होती. "तवा बसतो का नीट?"

"तू आल्याबिगर कसं कळंल?"

म्हैस न येता पार पडलेलं त्यांचं हे पहिलंच बोलणं.

त्यानंतर रोज संध्याकाळी खानावळीतून जेवून आला की हौशीराम न पेटलेल्या चुलीपुढं मांडी घालून बसे. आतल्या बाजूला साळुबाईचा अंगठा उमटला होता. तिथं आपला अंगठा टेकवी. तो मावत नसे.

"भाऊ, जेवलात न्हवं?" आमिना पडद्याआडून विचारी.

"व्हय."

"मग थंड चुलीपुढं काय करताय?"

"काय न्हाई," हौशीराम म्हणे. "शेकतोय."