रस्त्यावरचा चोथा

साठीचे वेई आजोबा बटाट्याचं पोतं पाठीवर घेऊन देवळाच्या दोनशे पायऱ्या चढले आणि कान्सू प्रांताच्या डोंगरातल्या आमच्या गावाने तोंडात बोटं घातली. आठवड्यापूर्वी हाच माणूस उंबरा ओलांडताना धापा टाकत होता.

"हुआंगचीचं मूळ पाच वर्षं मातीत तप करतं, बरं का!" खाली वैद्य मियाव गर्जत होता. "मूळ उकळा, वर माझी सोनपूड टाका. थकवा पळाला नाही तर माझी दाढी उपटा."

"दाढी आहे कुठे उपटायला?" मी विचारलं. लोक हसले, पण रांग काही मोडली नाही.

रांगेत माझी बायको रुइलानही होती. वर्षभर ती दमायची, सोयाबीन दळताना मध्येच बसायची. "तुम्ही शाळेतल्या पोरांना शिकवा. मला पिऊ द्या," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी ती गुणगुणत शेतात गेली. संध्याकाळी तिने शेवया केल्या, मला दुप्पट वाढल्या. तिला हसताना बघून मी माझी शंका गिळली. तालुक्याला जाऊन रक्त तपासायचं ठरलं होतं, तेही राहून गेलं.

तीन आठवड्यांनी तिला रक्ताची उलटी झाली. इस्पितळ गाठेपर्यंत ती गेली.

"पोटात जुना व्रण होता," डॉक्टर च्यूबाई म्हणाल्या. "त्यातून रक्त जात होतं, म्हणून त्या दमायच्या. तुम्ही सांगता ती सोनपूड उरली असेल तर मला आणून द्या."

पूड मी पोचवली. आमच्याकडे उकळलेल्या औषधाचा चोथा रस्त्यावर ओततात. येणारे-जाणारे तुडवतात आणि रोग निघून जातो म्हणे. त्याला हात लावला तर रोग आपल्या घरी येतो, म्हणून कुणी लावत नाही. रुइलान रोज ओतायची. ती गेल्यावर एका सकाळी मला मियावचा जावई रस्त्यावरचे चोथे गोळा करताना दिसला.

तिने उकळलेल्या शेवटच्या मुळाच्या चकत्या अजून भांड्यातच होत्या. तिच्याच सुईने मी प्रत्येक चकतीला ओळीत तीन भोकं पाडली आणि चोथा रस्त्यावर ओतून आलो.

दहा दिवसांनी शेजारच्या फंगकाकूंनी मियावकडून मुळाची नवी पुडी घेतली. मी ती चौकातच उघडली. एका चकतीला ओळीत भोकं, मोजून तीन.

"काकू, हे माझ्या बायकोने उकळून प्यायलेलं आहे."

"ही देवाची खूण!" मियाव म्हणाला.

"देवाकडे माझ्या घरची सुई कशी गेली, वैद्यबुवा?"

तो घाईघाईने पुड्या गोळा करायला लागला. तेवढ्यात, पुडीचा निकाल घेऊन गावात आलेल्या च्यूबाईंनी तपासणीचा कागद वाचून दाखवला. सोनपुडीत हळद होती, आणि कुटलेल्या स्टेरॉइडच्या आणि दुखण्यावरच्या गोळ्या. त्या गोळ्यांनी चार दिवस तरतरी येते. पोटात व्रण असेल तर तो फुटू शकतो. वेई आजोबांनी आपली पुडी च्यूबाईंच्या हातात दिली.

"हुआंगचीच्या मुळात गुण आहे की नाही, ते ताज्या मुळावर तपासता येईल," च्यूबाई म्हणाल्या. "इथे लोक दुसऱ्यांचा चोथा पीत होते."

फंगकाकूंचे डोळे भरले. "पण मास्तर, आपली रुइलान चार दिवस हसली तरी."

"हसली, काकू. त्या हसण्यालाच मी भुललो."

मग मी सगळ्यांना सांगितलं, अजूनही सांगतो. दमत असाल तर आधी का दमता ते शोधा. रक्त तपासा, डॉक्टरला दाखवा, पुडीत काय आहे ते विचारा. आणि घरचं माणूस हसायला लागलं म्हणून तपासणी पुढे ढकलू नका. मी ढकलली होती.