रतन जगतापचं पान

बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत पिंकी शितोळेचं दुकान होतं. झेरॉक्स, टायपिंग, एसटीडी, आणि एकोणीसशे नव्याण्णवच्या उन्हाळ्यापासून इंटरनेट. पाटीवर तिनं इंटरनेट सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठं लिहून घेतलं होतं, आणि गिऱ्हाईक मात्र झेरॉक्सलाच यायचं.

राजनंदिनी काटेही झेरॉक्सलाच यायची. सांगवीच्या अंगणवाडीत ती सेविका होती. पंचायत समितीत अहवाल द्यायचा तर तीन प्रती लागायच्या. तीनच का, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नसे. त्या दिवशी मशीन गरम झालं म्हणून पिंकीनं तिला कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसवलं आणि फुशारकीनं म्हणाली, "ताई, कुणाचंबी नाव सांगा. हितं टाकलं की जगात कुठं असंल तितनं शोधून देतंय."

नवऱ्याचं नाव सांगावं, भावाचं सांगावं, निदान गंमत म्हणून स्वतःचं तरी सांगावं. राजनंदिनी क्षणभरही न थांबता म्हणाली, "मालनबाई रामभाऊ ओहोळ."

पिंकीनं एकेक अक्षर शोधत नाव टाकलं. मोडेमनं बराच वेळ किरकिर केली आणि शेवटी पडदा कोराच राहिला. मग राजनंदिनीनं दुसरं नाव सांगितलं, प्रियदर्शनी रामभाऊ ओहोळ. मालनबाईंची मुलगी, आपली वर्गातली मैत्रीण. तेही मिळालं नाही.

"मैत्रिणीचं लगीन झालं असंल की," पिंकी म्हणाली. "बाईमाणसाला शोधायचं म्हंजी लई अवघड बघा. नाव फिरतं, आडनाव फिरतं. त्यापरीस असं करा, तुमीच तुमचं एक पान काढा हितं. फुकाट मिळतंय. तुमी न्हाय तर ती शोधंल तुमाला."

आता या मालनबाई कोण, ते सांगायला पाहिजे.

राजनंदिनीचं माहेर इंदापूर तालुक्यातलं, डाळज. तिथं शहात्तर साली रामभाऊ ओहोळ पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून बदलून आले आणि बौद्धवस्तीत खोली घेऊन राहिले. त्यांची प्रियदर्शनी आणि ही एका बाकावर बसायच्या. शाळा सुटली की दोघी तडक मालनबाईंच्या चुलीपाशी. मालनबाई हुलग्याच्या शेंगोळ्या करायच्या आणि ही पोर दोन ताटल्या चाटूनपुसून खायची. वर्षभर हेच चाललं. जगतापांच्या घरात, म्हणजे हिच्या माहेरी, हे कळलं असतं तर आकाशपाताळ एक झालं असतं, आणि एक दिवस कळलंच.

आईनं, कुशाबाईनं, लेकीला वेणीला धरून वस्तीत नेलं आणि चार माणसांदेखत मालनबाईंच्या दारात उभं करून विचारलं, "हितं खाल्लंस का तू कधी?" तेरा वर्षांच्या पोरीच्या तोंडात अजून लसणाची चव होती. ती म्हणाली, "न्हाय. म्या हितं पानीबी पिले न्हाय."

मालनबाई हातात पळी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एकदा पोरीकडं बघितलं आणि कुशाबाईला म्हणाल्या, "खरं बोलती पोरगी. मी कधी दिलं न्हाय, अन् तिनं कधी मागितलं न्हाय." मार वाचला. पंधरा दिवसांत रामभाऊंची बदली झाली. सामानाचा टेम्पो निघाला त्या दिवशी ही घरातनं बाहेर पडली नाही, पोटात दुखतंय म्हणून कांबळ्यात तोंड खुपसून पडून राहिली.

बस, एवढंच. यात कुणाचा जीव गेला नाही. पण बावीस वर्षं या बाईच्या मनात एकच गोष्ट होती, की मालनबाई कुठं तरी भेटाव्यात आणि त्यांना म्हणावं, "मावशी, मी खाल्लं होतं. रोज खाल्लं होतं." भाकरी थापताना, बसची वाट बघताना, पोरांना खिचडी वाढताना ती हे मनातल्या मनात म्हणायची. दोनदा तिनं पाटबंधारेच्या जुन्या पत्त्यावर पत्र टाकलं, दोन्ही परत आली. मालनबाईंची ओढ अशी की कधीकधी स्वतःच्या आईचीही तिला एवढी आठवण यायची नाही, आणि त्याचीही तिला लाज वाटायची.

तर, पान निघालं. पिंकीनं विचारलं, "नाव काय टाकू?" राजनंदिनी प्रत्येक सरकारी कागदावर लिहायची तेच तिनं सांगितलं. राजनंदिनी युवराज काटे, अंगणवाडी सेविका, मुक्काम पोस्ट सांगवी, तालुका बारामती. दोन मुलं. छंद, वाचन. छंद काही नव्हता, पण पिंकी म्हणाली रकाना मोकळा बरा दिसत नाही. भाषा मराठी, अक्षरं मात्र इंग्रजी, कारण तिथं मराठी उमटत नव्हतं. खाली किती जणांनी पान बघितलं त्याचा आकडा दिसायचा आणि निरोप पाठवायला पत्ता दिलेला होता.

दर पंधरवड्याला ती अहवालाच्या निमित्तानं यायची. आकडा वाढलेला दिसला की दिवसभर बाई खुशीत. दोन महिन्यांनी आकडा अकरावर गेला.

"अकरा लोकांनी बघितलं गं," ती म्हणाली.

पिंकीला खरं सांगावं की नाही हे कळेना, आणि खरं न सांगणं हे तिच्या स्वभावात नव्हतं. "ताई, त्यातली पाच वेळा तुमी. बाकीची सहा मी." मग म्हणाली, "पर मला सांगा, ह्या नावानं तुमाला ती मैत्रीण वळखती का?"

राजनंदिनी तिच्याकडं बघतच राहिली. अहो, कशी ओळखणार? राजनंदिनी हे नाव लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं गेलं होतं. घरात थोरल्या जावेचं नाव आधीच रतन होतं, दोन रतन कशा चालतील, म्हणून सासूबाईंनी, ठमाबाईंनी, हे भारदस्त नाव काढलं. माहेरी तिला अक्का म्हणत. म्हणजे सोळा वर्षांत तिला रतन अशी हाक कुणी मारलेली नव्हती. मालनबाईंना, प्रियदर्शनीला माहीत होती ती रतन म्हस्कू जगताप. त्यांनी जन्मभर शोधलं असतं तरी राजनंदिनी काटे त्यांना सापडली नसती. आणि ही बया दोन महिने सासरच्या नावानं माहेरच्या माणसांची वाट बघत बसली होती. आपलं आपल्यालाच हसू यावं असली गत, पण तिला हसू आलं नाही.

"खोड ते," ती म्हणाली. "रतन म्हस्कू जगताप लिही. डाळज, तालुका इंदापूर. इयत्ता सातवी."

"सातवी कशाला?"

"तिला कळंल."

नाव बदललं आणि घरात ते कळायला आठवडाही लागला नाही. सोसायटीचे आप्पासाहेब पिंकीकडं टायपिंगला येत. त्यांनी पडद्यावर बघितलं आणि युवराजला गाठून सांगितलं. दुपारी जेवायला बसल्यावर युवराजनं ताटाकडं बघतच विषय काढला. माणूस वाईट नव्हता, पण लोकांच्या तोंडून बायकोबद्दल ऐकायला कुणाला आवडतं?

"माहेरच्या नावानं काय छापलंयस तितं? कोन शोधणार हाय तुला?"

"शाळेतली मैत्रीण."

"मग सासरच्या नावाची लाज वाटती व्हय?"

उत्तर द्यायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि सगळं सांगायचा धीर तिला नव्हता. ठमाबाई भिंतीला टेकून लसूण सोलत होत्या. सूनबाईची बाजू घेणं हा काही त्यांचा नेम नव्हता. पण त्या म्हणाल्या, "युवराज, माझं नाव काय हाय रं?"

"आता हे काय, आई? ठमाबाई."

"ते हितलं. तितलं काय?"

युवराजला माहीत नव्हतं. चाळिशी ओलांडलेला मुलगा, आईचं नाव माहीत नाही.

"भामा," ठमाबाई म्हणाल्या. "भामे म्हनून हाक मारनारं शेवटचं मानूस माझी थोरली भन. तिला जाऊन नऊ वरसं झाली. हिला हाक मारनारं कोन असंल अजून, तर मारू दे की. तुझं काय जातंय?"

युवराज पाणी पिऊन उठला. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. राजनंदिनीनं सासूपुढची लसणाची टोपली ओढून घेतली आणि उरलेला लसूण स्वतः सोलला.

दिवाळी झाली. ऊसतोड सुरू झाली, कारखान्याच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरून जायला लागला, सांगवी ते बारामती यायला एसटीला दीड तास लागायला लागला. एका सोमवारी ती अहवाल घेऊन पायरी चढली तर पिंकी आतनंच म्हणाली, "ताई, निरोप आलाय. मी उघडला न्हाय."

राजनंदिनी खुर्चीत बसली. "तूच वाच," ती म्हणाली. पिंकीनं वाचायला सुरुवात केली.

रतन, तूच ना? दर दोन-तीन महिन्यांनी मी तुझं नाव टाकून बघत होते. कधीच काही निघायचं नाही. काल निघालं. सातवी वाचलं आणि तूच आहेस हे कळलं. मी नागपूरला असते, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. बाबा पुण्यात दादाकडं असतात, तब्येत बरी आहे. आई एक्याण्णवला गेली.

पिंकी थांबली. राजनंदिनीनं खुणेनं पुढं वाचायला सांगितलं.

एक विचारायचं आहे. आई हुलग्याच्या शेंगोळ्या करायची. मी कितीदा करून बघितल्या, तशा होत नाहीत. ती काय घालायची ते मी कधी लक्ष देऊन बघितलंच नाही. वाटायचं, आई आहेच की. आता विचारायला घरात कुणी नाही. तू तिच्या चुलीजवळ बसायचीस. तू आमच्याकडं कधी काही खाल्लं नाहीस हे मला माहीत आहे, पण बघितलं असशील तर कळव. हे पत्र तुझ्या घरच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, यात लपवण्यासारखं काही नाही. तुझी प्रियदर्शनी.

"घ्या," पिंकी म्हणाली. "खाल्लंच न्हाय तर तुमी काय सांगणार तिला?"

एक्याण्णव. म्हणजे गेली आठ वर्षं राजनंदिनी जिच्याशी मनात बोलत होती ती बाई नव्हतीच. एक्याण्णवला ती धाकट्याच्या बाळंतपणात होती. कुठं तरी मालनबाई गेल्या आणि इकडं हिला साधी उचकीसुद्धा लागली नाही.

आणि दुसरं असं, की प्रियदर्शनी शेजारी बसून रोज तिच्याबरोबर जेवली होती. तिला काय माहीत नव्हतं? पण रतनच्या सासरी हे पत्र कोण वाचेल, कोण वाचून दाखवेल, वाचल्यावर काय होईल, याचा तिला अंदाज नव्हता. म्हणून तिनं आईचंच वाक्य पुन्हा लिहिलं होतं. आईनं दारात उभं राहून जिला वाचवलं, तिला लेक बावीस वर्षांनी नागपूरहून वाचवत होती. हे कळलं आणि राजनंदिनीला रडू फुटलं. पदर तोंडात धरून ती खुर्चीतच हमसून हमसून रडली. पिंकी उठली, पाण्याचा तांब्या आणून पुढं ठेवला आणि दुकानाचं दार लोटून घेतलं.

बऱ्याच वेळानं पिंकीनं विचारलं, "उत्तर लिहायचं?"

"उत्तर मागनं. आधी माझं पान उघड. त्यावर लिहायचंय."

"पानावर? ते समद्यांना दिसतं, ताई."

"लिही. मी, रतन म्हस्कू जगताप, डाळज. शहात्तर-सत्त्याहत्तर साली मी मालनबाई रामभाऊ ओहोळ यांच्या घरी रोज जेवत होते. मला दारात विचारलं तवा मी न्हाय म्हणाले. मी खोटं बोलले. त्यांनी मला सांभाळून घेतलं."

पिंकीचे हात थांबले. "आप्पासाहेब रोज येत्यात हितं. तुमच्या डाळजच्या भाच्यालाबी कॉम्प्युटर येतोय. तुमचे वडील अजून हायेत."

"हायेत. कुणी तरी वाचून दावंल त्यास्नी. आता खाली दुसरं नावबी लिही, राजनंदिनी युवराज काटे, सांगवी. म्हंजी दोन्हीकडच्या लोकांना कळंल कोन ते."

"बरं. अन् शेंगोळ्यांचं?"

"तेबी हितंच लिही. हुलग्याचं पीठ, त्यात मूठभर जवारीचं. लसूण, जिरं अन् हिरवी मिरची पाट्यावर वाटायची, मिक्सरात न्हाय. रस्सा उकळला की वळून सोडायच्या अन् शेवटाला उरलेलं पीठ पाण्यात कालवून त्यातच वतायचं. वाढताना पयलं माझ्या ताटात वाढायच्या, मंग प्रियाच्या."

"हेबी लिहू? पयलं तुमच्या ताटात?"

"हेच लिही."

पिंकीनं लिहिलं, एकदा वाचून दाखवलं आणि बटण दाबलं. पान वर चढायला वेळ लागला. दोघी पडद्याकडं बघत बसल्या.

"झालं, ताई. आता जगात कुणीबी वाचू शकतंय."

राजनंदिनीनं मान हलवली. वडील वाचतील, युवराज वाचेल, सांगवी वाचेल, त्याचं तिला आता भय वाटत नव्हतं. मालनबाई वाचणार नव्हत्या.