हॉबर्टनं हात दिला

आमच्या चर्चच्या मंडळीत तारणाची, म्हणजे प्रभूला शरण गेल्याची, गोष्ट तोंडानं सांगावी लागत नाही. उपदेश संपला की गाणं सुरू होतं, पाळक खाली उतरून बाकांमधून फिरतो, आणि ज्याच्या मनात आलं असेल त्यानं त्याच्या हातात हात द्यायचा. एकदा हात दिला की झालं, पुढच्या रविवारी नदीत बुडवून बाप्तिस्मा. म्हणून ज्यांचं अजून ठरलेलं नसतं ते पुरुष त्या गाण्याला हात खिशात घालून उभे राहतात. माझ्या नवऱ्यानं, हॉबर्टनं, तेवढीही जोखीम कधी घेतली नाही. तो बाहेर पिकअपमध्ये बसायचा.

आमचा एकुलता एक लॅनी खाणीत छत कोसळून गेला, तेव्हापासून हे असं. लॅनीनं विशीतच हात दिला होता. "मग त्या दिवशी त्याचा हात धरायला कोण आलं?" असं हॉबर्टनं मला पोराला पुरून परत येताना विचारलं. तरी दर रविवारी मला चर्चला तोच घेऊन यायचा. गाडीची काच खाली करून सगळं ऐकायचा आणि घरी जाताना उपदेशाची टिंगल करायचा.

आता खाणीच्या धुळीनं त्याची छाती खाल्ली आहे. नाकात नळी, बाजूला ऑक्सिजनचा सिलिंडर. लॅनी मला वर भेटणार याबद्दल मला शंका नाही. पण मग हॉबर्ट कुठे असेल? एवढ्या एका प्रश्नानं माझी झोप उडवली होती.

ऑगस्टातल्या त्या रविवारी गाडीत बसवेना इतकं उकडत होतं. चक्क हॉबर्ट आत आला आणि मागच्या बाकावर, पंख्याखाली बसला. पंख्यासाठी आलोय, उगाच हुरळून जाऊ नकोस, असं मला आधीच बजावून. शेवटचं गाणं सुरू झालं आणि त्याला खोकल्याची उबळ आली. तो बाकावर एका बाजूला कलंडला. पाळक ब्रदर एल्झी तेवढ्यात त्याच्या जवळ पोचला होता. हॉबर्टनं हात पुढे केला, आणि एल्झीनं तो धरला.

मग काय विचारता. बायका रडायला लागल्या. माझी नणंद वर्डी माझ्या गळ्यात पडली. सगळे एकेक करून येऊन हॉबर्टचा हात हातात दाबून गेले आणि तो बिचारा श्वास गोळा करत नुसता बघत राहिला. घरी आल्यावर हो म्हणेना की नाही म्हणेना. चिकन आणि पिठाच्या गोळ्यांचं डम्पलिंग जेवला आणि झोपला.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण पूर्ण नाही. त्यानं हात प्रभूला दिला की नुसता उठायला? डॉक्टरांनी तर स्पष्ट सांगितलं होतं, या छातीनं थंड पाण्यात बुडी मारणं म्हणजे जिवाशी खेळ. उठायलाच दिला असेल तर माझा माणूस एका गैरसमजापायी मरायचा. आणि विचारावं तर तो "उठायलाच" म्हणाला म्हणजे? मग लॅनी वर भेटेल, पण हा कायमचा गेला.

शेवटी मी एल्झीकडे गेले. तो शेंगा सोलत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"सिस्टर ऑर्फा, मी काही त्याचा हात ओढला नाही. त्यानं दिला, मी धरला. का दिला ते मला कसं कळणार?"

"तुला नाही तर कुणाला कळणार? पाळक आहेस ना तू?"

"मी स्वतः बाप्तिस्म्याला नदीत उतरलो तेव्हा अर्धा बायकोच्या भीतीनं उतरलो होतो," तो म्हणाला. "उरलेला अर्धा कशानं, ते मला अजून नीट सांगता येत नाही."

मला त्याचा भयंकर राग आला. शेंगांची पिशवी दिली ती मात्र घेतली.

रविवारी सगळी मंडळी नदीवर जमली. हॉबर्टनं पांढरा सदरा घातला होता. त्यानं नाकातली नळी स्वतःच काढून माझ्या हातात दिली, आणि मग माझ्यानं राहवलं नाही.

"हॉबर्ट, खरं सांग. त्या दिवशी हात कशाला दिलास?"

"उठायला."

मग चल घरी, म्हटलं, मी सांगते सगळ्यांना. तो हलला नाही. दोन शब्दांमध्ये दम घेत म्हणाला, "ऐक तर म्हातारे. उठायलाच दिला. पण एल्झीनं धरल्यावर सोडवून घ्यावासा वाटेना. सोडवता आला असता. आता याला तुमच्यात काय म्हणतात, ते तूच सांग."

इतकी वर्षं त्याच बाकावर बसून ऐकलेलं एकही वचन आठवेना. "लॅनी भेटेल का रे तुला?" एवढंच तोंडातून निघालं.

"मला काय माहीत," तो म्हणाला. "पण गाडीत बसून तर भेटला नाही."

आणि तो एल्झीला धरून पाण्यात उतरला. काठावर गाणं सुरू झालं. मी नळी घट्ट धरून उभी होते. एल्झीनं त्याला मागे झुकवलं, पाण्याखाली नेलं, वर काढलं. हॉबर्टचं तोंड उघडं होतं आणि आत काही जात नव्हतं. ओठ निळे पडले होते. त्यानं काठाकडे, माझ्याकडे हात केला.

मी बुटांसकट पाण्यात शिरले आणि तो हात धरला. कशाला दिलास म्हणून विचारलं नाही. वर आणून नळी नाकात घातली, सिलिंडर सुरू केला, आणि हळूहळू त्याची छाती हलायला लागली. पिकअपपर्यंत त्यानं माझा हात सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही.